पान सतरा ते बत्तीस

९ जून

तीर्थस्वरूप वन्संना साष्टांग नमस्कार.

तुमचं पार्सल काल पोचलं. त्यात मिळालं ते असं: कप सहा, बश्या सहा (एकीच्या काठाला टवका गेलाय, ती मी माझ्याकडे घेतली), कंदिलाची काच एक, खोकल्याच्या औषधाची बाटली एक, तुमच्या जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर दोन गुंडे. स्टेशनपासून हातगाडीवाल्याला सहा रुपये पडले. तो आठ मागत होता, पण जिना मी स्वतः चढवीन म्हटल्यावर उतरला. आणि छापील कागद नऊ. त्यांची किंमत काय लिहावी ते मला कळेना, म्हणून वहीतला तो रकाना कोरा ठेवलाय.

तुमचे कागद घरात आले की काय होतं ते तुम्ही एकदा बघायला हवं. आमच्या या दोन खोल्या इस्त्रीवाल्याच्या दुकानावर आहेत. दिवसभर त्याच्या इस्त्र्यांची धग आमच्या फरशीतून वर येते, त्यामुळे थंडीत शेगडीचा कोळसा वाचतो. संध्याकाळी इस्त्री निवत आली की तो जिन्याखालून हाक मारतो, "वहिनी, कागद असतील तर द्या, उरलेली ऊब फुकट जातेय." मग थोरली कागद घेऊन खाली पळते. कपांत चुरगळून घातलेला एकेक कागद सुरकुती मोडून, कोमट होऊन वर येतो. तुम्ही एवढ्या विचाराने ते पाठवता, तर त्यांची निगा आम्ही राखायलाच हवी.

आता तुमच्या पत्राचं. मुलं तुमच्याकडे पाठवावीत, तुम्ही त्यांना रीतसर शाळेत घालाल, हे तुम्ही मायेनेच लिहिलंत. हेही म्हणाले, "ताईचं चुकत नाही." पण वन्सं, बॉयलर बसवणाऱ्याचा संसार कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. बॉयलर सुरू झाला की आमचं बिऱ्हाड बंद. गेल्याच्या गेल्या वर्षी तीन गावं झाली, तीन शाळा झाल्या, आणि तिन्ही शाळांत थोरलीला पहिल्या धड्यापासून बसवलं. वर्ष सरलं तेव्हा पहिला धडा तिला तीन चालींत पाठ होता आणि दुसरा कशावर आहे ते माहीत नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, मॅट्रिक मी आहे, मुलं माझी आहेत, आणि घर कितीदाही हललं तरी आई तीच राहते. देवाचं नाव घेऊन घरीच शिकवायला बसले.

थोरली आता अकरा वर्षांची आहे, मधला आठचा, शेंडेफळ पाच पुरी करेल. कोंड्याचा मांडा करून खाणारं घर आहे आमचं, पण तिघं शिकतायत. एक वर्ष आणखी द्या, एवढंच मागणं.

तुमची,
धाकटी वहिनी


२० जून

चि. सौ. वहिनीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. टवक्याची बशी स्वतःकडे घेतलीस, हे तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. पुढच्या वेळी ती आमच्या धाकट्याच्या, तुझ्या नवऱ्याच्या, पुढ्यात ठेव. त्याने लहानपणी आमच्या घरातल्या निम्म्या बश्या फोडल्यात.

कागदांना इस्त्री करतेस हे वाचून मी चष्मा पुसून परत वाचलं. काटकसर मलाही कळते, पण रद्दीला इस्त्री करणारं घर आजवर पाहिलं नव्हतं. मी विचारबिचार काही केलेला नाही. ते कागद चुलीत घाल आणि त्यावर चहा कर.

मूळ मुद्दा. एकतीस वर्षं मी शाळा चालवली. घरी शिकलेली मुलं माझ्यापुढे आली, त्यांना येत होतं ते फार छान येत होतं, आणि येत नव्हतं ते येत नाही हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आईला मुलांचं कौतुक असतं, परीक्षकाला नसतं. म्हणून परीक्षक लागतो.

तेव्हा असं करू. सप्टेंबरात आमच्या शाळेत सहावीची प्रवेश परीक्षा आहे. थोरलीला माझ्याकडे पाठव. पास झाली तर मी पुन्हा ब्र काढणार नाही, तू खुशाल शिकव. नापास झाली तर दिवाळं वाजायच्या आधी दुकान आवरायचं: थोरली आणि मधला ऑक्टोबरपासून माझ्याकडे राहतील, शेंडेफळ दोन वर्षांनी. धाकट्याला मी वेगळं पत्र घातलंय, त्याचा होकार आलाय. तुझा कळव.

आशीर्वाद,
वन्सं


८ जुलै

तीर्थस्वरूप वन्संना साष्टांग नमस्कार.

तुमची अट मान्य आहे. हे लिहायला मला आठ दिवस लागले, त्याबद्दल राग धरू नका. थोरली आणि मधला घरात नाहीत असा एक दिवस मी मनातल्या मनात लावून पाहिला. सकाळ कशीबशी गेली. दुपारच्या पुढे माझं मन जाईना. पण शब्द दिला तो दिला.

तुमचा विनय मात्र आम्हाला माहीत आहे. "विचारबिचार केला नाही" हे वाक्य हे वाचून दाखवत होते आणि मुलं हसत होती. मोठ्या माणसांनी केलेलं सांगायचं नसतं, हे आम्हालाही कळतं. पण आम्ही त्या कागदांचं काय करतो ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

पहिला कागद उलगडला तेव्हा मला घाम फुटला होता. एकाच बाजूला आठ पानं, निम्मी उलटी, निम्मी सुलटी. सतराच्या शेजारी बत्तीस, विसाच्या शेजारी एकोणतीस. मला वाटलं, वन्सं आपली परीक्षा बघतायत. दोन दिवस आम्ही कागदाभोवती फिरून वाचत होतो, कधी या अंगाने, कधी त्या अंगाने. तिसऱ्या दिवशी शेंडेफळाला उकडत होतं. तिने तो कागद उचलला, मधोमध दुमडला, परत दुमडला, आणखी एकदा दुमडला आणि वारा घेत बसली. मी ओरडणार होते. मधला म्हणाला, "आई, थांब." त्याने तिच्या हातातून तो पंखा काढून घेतला, कडा सुरीने फाडल्या, आणि सतरा, अठरा, एकोणीस, वीस अशी पानं ओळीने उभी राहिली, सगळी सुलटी.

वन्सं, मी देवापुढे जोडते तसे त्या कागदाला हात जोडले. म्हणजे छापणाऱ्याने उलटं छापलं ते उगाच नव्हतं. घडी पडल्यावर सगळं सुलटं होणार हे त्याला आधीच माहीत होतं. माझ्या आयुष्यातली उलटी छापलेली पानं मला एकेक करून आठवली, आणि म्हटलं, असेल, यांचीही घडी अजून पडायची असेल.

त्यावर मधल्याने आणखी एक काढलं. शेजारच्या दोन पानांचे आकडे मिळवले की दर वेळी एकोणपन्नास येतात. सतरा आणि बत्तीस, वीस आणि एकोणतीस, चोवीस आणि पंचवीस. दुसरा कागद तेहतीस ते अठ्ठेचाळीसचा होता, तिथे दर वेळी एक्याऐंशी. आता नुसता एक कोपरा दाखवला तरी तो पुस्तकातला कितवा कागद ते सांगतो. मी रोज जमाखर्च मांडते, पण आकडे असे एकमेकांचा हात धरून उभे असतात हे मला मॅट्रिकपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. इस्त्रीवाला म्हणाला याला छापखान्यात फर्मा म्हणतात. तेव्हापासून आम्हीही म्हणतो.

प्रत्येक पुस्तकाचा एकच फर्मा का, हेही आमच्या लक्षात आलं. पूर्ण पुस्तक दिलं तर मुलं आयतं वाचतील. सोळाच पानं दिली की आधीचं आणि पुढचं स्वतः शोधावं लागतं. म्हणून घरचा नियम केलाय: आहे ते नीट वाचायचं, नाही ते त्यावरून गाठायचं, आणि गाठलं ते कशावरून, हे दाखवायचं. नुसत्या बाता मारलेल्या चालत नाहीत.

मधमाश्यांचा फर्मा तुम्ही मे महिन्यात बरणीभोवती घातला होतात. आठवड्याच्या आत दुकानाच्या पाटीखाली माश्यांचा घोळका येऊन लटकला, शाळेच्या दप्तराएवढा. इस्त्रीवाला धूर करायला निघाला. मधला फर्मा घेऊन खाली पळाला आणि त्याला तिथेच वाचून दाखवलं, की असा घोळका घर शोधायच्या वाटेवर विसावलेला असतो, छेडलं नाही तर आपण होऊन उठतो. इस्त्रीवाला म्हणाला, "तुझ्या माश्या वाचतात का रे ते?" पण थांबला. दुसऱ्या दुपारी ते सगळं दप्तर हवेत उठलं आणि छपरांवरून निघून गेलं. रस्त्यातली माणसं माना वर करून उभी होती. मला तेवढंच सांगा वन्सं, तुम्हाला आधी कसं कळलं?

सगळ्यांत लाडका मात्र नावाड्याचा फर्मा. प्रत्येक पानाच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढी नाव छापलेली आहे. बत्तिसावं पान असं संपतं: "नावाड्याने नावेतली शेवटची फळी उचलली, आणि खाली". बस. यावर घरात रोज वाद आहे. शेंडेफळ म्हणते, खाली कोंबडी अंड्यांवर बसलेली. मधला म्हणतो पाणी, कारण एकोणिसाव्या पानावर नाव जड लागत होती. हे म्हणतात गंज, ह्यांना सगळीकडे गंजच दिसतो. थोरली अजून सांगत नाही. म्हणते, पुरावे जमवतेय.

तुमची,
धाकटी वहिनी


२५ जुलै

चि. सौ. वहिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आजवर कोणकोणते फर्मे तुझ्याकडे पोचले त्यांची यादी करून पाठव.

सोबत सहावीच्या तयारीचं पुस्तक पाठवतेय. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत करून घे. परीक्षेत यातलंच येतं. मधमाश्यांबद्दल भेटीअंती बोलू.

आशीर्वाद,
वन्सं


१४ ऑगस्ट

तीर्थस्वरूप वन्संना साष्टांग नमस्कार.

मिळालं ते: पुस्तक एक, सरबताच्या बाटल्या दोन, धड. बाटल्या गवतात बांधलेल्या होत्या आणि वर कोरा तपकिरी कागद. फर्मा एकही नाही. आम्ही खोकं उलटं करून झटकलं, गवत काडी काडी वेगळं केलं. आमचं काही चुकलं का? यादी मागितलीत ती सोबत आहे, एकूण एकेचाळीस. काही परत हवे असतील तर कळवा, सगळे जपलेले आहेत.

पुस्तक चांगलं आहे. मी रोज करून घेते. पण खोटं लिहिणार नाही, मुलांचं त्याच्याशी जुळत नाही. थोरलीने ते दोन दिवसांत संपवलं आणि शेवटचं पान उलटून माझ्याकडे बघत बसली. म्हणाली, "आई, याचं सगळं लिहून झालंय." तक्रार नव्हती, कीव होती, एखाद्याला खेळायला कोणी नसावं तशी. प्रत्येक धड्याखाली प्रश्न आहेत. मधला म्हणाला, "प्रश्नही त्यांनीच विचारले, मग आपण काय करायचं?" मी म्हटलं, "उत्तरं द्यायची." तो म्हणाला, "ती तर वरच आहेत." मी त्याला दटावलं, आणि चूल फुंकायच्या निमित्ताने तिकडे तोंड केलं.

हे थोरलीला घेऊन दहा सप्टेंबरच्या गाडीने येतील, आणि तिला ठेवून परत फिरतील, कारण चाचणीच्या आठवड्यात बॉयलर सोडता येत नाही. तिचा नवा फ्रॉक पडद्याचा आहे. इस्त्रीवाल्याकडे कोणी तरी टाकून गेलेला पडदा, वर्षभर नेला नाही, म्हणून त्याने दिला. मी पडद्याच्या कड्यांची शिवण उसवली नाही, तिथून नाडी ओवलीय. बारकाईने बघितलंत तर कळेल, तर बघू नका.

ती सकाळी उठल्या उठल्या बोलत नाही, राग नसतो. दुधावरची साय तिला चालत नाही, पण तुमच्याकडे मुकाट्याने खाईल, तेव्हा समजा की लाजतेय. निजण्याआधी देवाचं नाव घेते, तेव्हा ओठ हलतात, आवाज येत नाही. परीक्षेला जाताना तिच्या डोक्यावरून एकदा माझ्या वतीने हात फिरवा.

काय व्हायचं ते होईल. मी त्याच्यावर सोपवलंय, असं रोज म्हणते आणि रोज थोडं परत घेते.

तुमची,
धाकटी वहिनी


१९ सप्टेंबर

चि. सौ. वहिनीस आशीर्वाद.

तुझी लेक उद्याच्या गाडीने, शेजारच्या परिचारिकाबाईंच्या सोबतीने निघते. हे पत्र तिच्याआधी पोचावं म्हणून आजच टाकतेय. आधी निकाल: नापास. गणितात पहिली, भाषेत शंभरात चौदा.

आता शांतपणे पुढचं वाच.

भाषेच्या परीक्षेत एक उतारा होता. पुलावरचा दिवा लावणाऱ्या माणसाचा. वारा सुटलाय, तो शिडी चढून वर जातो आणि दिवा लावतो. खाली पाच प्रश्न: दिवा कुठे होता, शिडी कशाची होती, असले. तुझ्या लेकीने पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. मग लिहिलं, "बाकीची उत्तरं उताऱ्यात आहेतच, ती परत लिहून कागद वाया जाईल. उताऱ्याच्या आधी काय झालं असावं ते लिहिते." आणि दोन पानं लिहिली.

उत्तरपत्रिका मला दाखवायला ती तपासणाऱ्या बाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, "तुमच्या भाचीला प्रश्न समजत नाहीत." मी वाचायला घेतली. तिने लिहिलं होतं: दिवेवाला कंदील दातांत धरतो आणि उजव्या हाताने शिडी चढतो. वारा असताना कोणी असं करणार नाही. म्हणजे त्याचा डावा हात कामाचा नाही. पण तो शिडीला दोनदा डावा हात लावायला जातो आणि मागे घेतो, म्हणजे हात पूर्वीपासून अधू नाही, सवय अजून गेलेली नाही. तेव्हा हाताला इजा नुकतीच झालेली असणार, बहुतेक भाजलं असणार, कारण उताऱ्यात थंडी आहे, तरी काच तापायच्या आधीच तो ती रुमालाने धरतो.

वहिनी, तो उतारा ज्या पुस्तकातला आहे ते माझ्या कपाटात आहे. हा धडा मी स्वतः वीस वर्षं शिकवला. बाई गेल्यावर मी पुस्तक काढलं आणि उताऱ्याच्या आधीची दोन पानं उलटली. त्याच संध्याकाळी तापलेल्या काचेने त्याचा डावा तळवा भाजलेला आहे. सरळ लिहिलंय तिथे. मी ती पानं कितीदा तरी वाचली असतील, पण कंदील दातांत का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पुस्तक मिटून मी कपाटाला टेकून बराच वेळ उभी राहिले. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी अशी उभी राहिले होते.

आता दुसरं. जुलैतलं तुझं पत्र वाचलं तेव्हाच मला उमगलं होतं की तू कागदांना काय समजतेस. लिहायला पाहिजे होतं. पण कोणी आपल्याला एवढं मोठं मानत असेल तर खोडायला हात लवकर धजत नाही. म्हणून तपकिरी कागद घातला आणि गप्प राहिले. ते फर्मे मी निवडलेले नाहीत, एकही नाही. भांडीवाला छापखान्यातले बिघडलेले कागद किलोने घेतो आणि त्यात काचसामान बांधून देतो.

परवा थोरलीला घेऊन त्याच्या दुकानात गेले, तुला किटली घ्यायला. म्हातारा पाठीमागच्या ढिगात हात घालून कागद ओढत होता आणि तोंडाने आपल्या गुडघ्याची कथा सांगत होता. ती बघत राहिली. म्हणाली, "आत्या, हे न बघताच काढतात." मी म्हटलं, "हो." घराच्या पायऱ्यांवर थांबून तिने विचारलं, "मग बरोबर कसे येतात?"

उत्तर न येणं मला नवं नव्हतं, पण एखाद्या मुलाला तसं सांगणं नवं होतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही गं." तिने माझा हात धरला, जणू जिना चढायला मलाच मदत हवी होती.

करारापुरतं बोलायचं तर तू हरलीस. मी खुर्चीवर असते तर मीही तिला चौदाच गुण दिले असते, त्यात शंका नको. म्हणूनच सांगते, ही मुलगी त्या शाळेत नको. थोरली तुझ्याकडेच राहील, मधलाही. धाकट्याला मी लिहिलंय.

फळीखाली काय होतं यावर माझंही एक मत झालंय. पत्रात लिहीत नाही. किटली सावकाश उघडा.

आशीर्वाद,
वन्सं


३० सप्टेंबर

तीर्थस्वरूप वन्संना साष्टांग नमस्कार.

मिळालं ते असं: मुलगी एक, धड, गालांवर थोडी भरलेली. किटली एक, झाकणासकट. साखरेचा डबा एक. तुमचं पत्र एक, ते आधी आलं आणि मी ते उभ्याने वाचलं. "नापास" या शब्दावर खाली बसले. "शांतपणे पुढचं वाच" असं लिहिलं होतंत, पण अक्षरं दिसेनात, मग मधल्याने वाचून दाखवलं. शेवटपर्यंत आल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आम्ही इथेच?" मी मान हलवली. त्याने खाली जाऊन इस्त्रीवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याने गिऱ्हाइकाला सांगितलं, आणि त्या गिऱ्हाइकाने, ओळख ना देख, वर बघून मला नमस्कार केला.

फर्म्यांचं वाचून हे इतके हसले की बाकावरून उतरून जमिनीवर बसले. म्हणाले, "दोन वर्षं ताईच्या रद्दीची पूजा केलीस." मलाही हसू आलं. मग ते आवरलं आणि मी देवापाशी जाऊन बसले.

वन्सं, तुम्ही निवडत होतात असं मला वाटत होतं तेव्हा माझ्या मनात तुमच्याबद्दल आदर होता. तो आहे, तसूभर कमी झाला नाही. पण एका शहाण्या बाईने विचार करून सोळा पानं पाठवावीत यात समजण्यासारखं काही तरी आहे. गुडघ्याची कथा सांगत एक म्हातारा मागे हात घालतो, आणि खऱ्या माश्या येण्याच्या आधी कागदावरच्या माश्या येतात, हे मला समजत नाही. समजावं अशी इच्छाही नाही. थोरलीने विचारलं, "बरोबर कसे येतात?" मी म्हटलं, "बरोबर येत असतील, नाही तर आलेले आपण बरोबर करून घेत असू. पदरी पडलं ते पवित्र झालं." ती म्हणाली, "दोन्ही एकच का गं, आई?" मी तिला पाणी आणायला पाठवलं, कारण मलाही विचार करायचा होता.

चौदा गुणांचं मात्र मी सोडून देणार नाही. विचारलं तेवढंच सांगणं हेही यायला हवं. जगात कचेऱ्यांच्या खिडक्या फार आहेत आणि त्यांच्या मागची माणसं थकलेली असतात, त्यांना उताऱ्याआधीचं ऐकायला वेळ नसतो. म्हणून तुमचं पुस्तक रोज सकाळी अर्धा तास, आणि त्यात कुरकूर चालणार नाही. फर्मे दुपारी.

आता किटलीबद्दल. थोरलीने सावकाश उघडली, तुम्ही सांगितलंत तशी. आत बोळा करून एक कागद कोंबलेला होता. तिने कोपरा सोडवला. पानाच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढी नाव. मधल्याने दोन आकडे पाहिले, तेहतीस आणि अठ्ठेचाळीस, आणि म्हणाला, "एक्याऐंशी." शेंडेफळ कुजबुजली, "नावाडी आला."

तो तुम्ही ढिगातून शोधून घातलात की म्हाताऱ्याच्या हाताला आपोआप लागला, हे मला विचारायचं होतं. चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. नका सांगू. यापुढेही कागद निवडू नका, बघूही नका. त्याचा हात जाईल तिथे जाऊ द्या.

फर्मा अजून उलगडलेला नाही. इस्त्रीवाल्याने तीन संध्याकाळी हाक मारली, तीनदा मुलांनी "आज नको" म्हणून सांगितलं. त्यांनी ठरवलंय की उघडण्याआधी प्रत्येकाने आपलं उत्तर कशावरून, ते लिहून द्यायचं. शेंडेफळाने कोंबडी काढून दिलीय. मधल्याने पाणी लिहिलं, एकोणिसाव्या पानाचा दाखला देऊन. ह्यांनी गंज लिहिला, सही करून. थोरलीने अडीच पानं लिहून घडी घातलीय, मलाही दाखवत नाही. माझं मी लिहिलंय. सगळे कागद टवक्याच्या बशीत ठेवलेत, देवाशेजारी, आणि त्यांच्यावर तो बोळा.

एकच उत्तर यायचं राहिलंय, आणि ते तुम्ही पत्रात लिहीत नाही म्हणालात. इथला बॉयलर नोव्हेंबरअखेर पुरा होतो, मग नवं गाव. तोवर फरशी उबदार आहे आणि आतल्या खोलीत खिडकीकडची जागा तुमच्यासाठी मोकळी केलीय. मुलं धीर धरून आहेत, पण काल मी स्वतःच दोनदा तो बोळा हातात घेऊन परत ठेवला. कोणत्या गाडीने येता ते उलट टपाली कळवा.

तुमची,
धाकटी वहिनी